चलानावरचा हात

चलानाच्या फोटोत लाल सिग्नल दिसत होता, आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दिसत होती आणि शिकायला आलेल्या त्या बाईच्या हातावर माझ्या नवऱ्याचा हात दिसत होता.

"मी सिग्नल तोडलाच नाही. कोर्टात लढणार," हे म्हणाले.

दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल, आणि आणखी एक गुन्हा म्हणजे शिकवायचा परवानाच रद्द. स्कूलचं ऑफिस मीच सांभाळते, मला का हे कळत नव्हतं? पण माझा जीव त्या हातात अडकला होता. फोटो मोठा करून करून डोळे दुखले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काय म्हणजे? स्टिअरिंग."

"स्टिअरिंगला नेलपॉलिश असतं?"

हे हसले. माझा नुसता तिळपापड झाला.

कोर्टात साक्षीला ती आली. साधीच होती, अंगानं जाडसर, माझ्याच वयाची. ते जास्तच झोंबलं. सुंदर असती तर निदान कारण तरी कळलं असतं.

मॅजिस्ट्रेटबाईंनी फोटो निरखला. "ब्रेक तुमच्याही पायाशी असतो ना? मग थांबला का नाहीत?"

"रेषा ओलांडली तेव्हा पिवळा होता, मॅडम. चौकात मधोमध गाडी बंद पडली. परत चालू होईपर्यंत लाल झाला. तिथेच थांबलो असतो तर आडव्या गाड्या अंगावर आल्या असत्या. म्हणून स्टिअरिंग धरून बाहेर काढली."

"सर खरं सांगतायत," ती म्हणाली. "मला रडूच फुटलं होतं. सर म्हणाले, 'घाबरू नका, गाडी सगळ्यांचीच बंद पडते. आपल्याला कुठे घाई आहे?' सर कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत."

चलान रद्द झालं. परवाना वाचला. माझा संशयही फिटला; त्या दोघांत तसलं काही नव्हतं, ते उघड दिसत होतं.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "झालं समाधान?"

लग्नानंतर यांनी मलाही एकदा गाडी शिकवायला घेतली होती. पहिल्याच वळणावर बंद पडली, तर भर रस्त्यात ओरडले, "उतर खाली! तुला जन्मात जमायचं नाही." मी उतरले ती उतरलेच.

तिचा हात खरंच तसा धरला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. तिला 'घाबरू नका' म्हणाले, त्याचं काय करू?