दोन मोकळ्या वेळा

डॉक्टर स्ताथिस कारिपीदिस यांच्या दवाखान्याची पितळी पाटी मीच बनवून आणली होती. वर नाव, खाली ‘फुफ्फुसरोगतज्ज्ञ’, मग थेसालोनिकीची पदवी, लंडनच्या इस्पितळातला अनुभव, भेटीच्या वेळा आणि शेवटी एक ओळ : ‘सरकारी आरोग्य विमा चालतो.’ उत्तर ग्रीसमधल्या आमच्या कोझानी शहराच्या आसपास कोळशाच्या खाणींत उभा जन्म काढलेली माणसं गावोगाव. त्यांना लंडनशी काय देणंघेणं? शेवटची ओळ वाचूनच ती जिना चढायची.

ओळ खोटी नव्हती, पण पुरती खरीही नव्हती. विम्यावरच्या तपासण्या महिन्याला दोनशेच. वीस-बावीस तारखेला त्या संपायच्या. मग पैसे भरा, नाहीतर एक तारखेनंतर या. त्यातल्या शेवटच्या दोन-तीन वेळा मी हातच्या राखून ठेवायचे. आपलं कुणीतरी फोन करतंच. चौदा वर्षं मी तिथल्या काउंटरवर बसत होते, आणि यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला जवळच्या क्रोकोस गावचे आनेस्तिसकाका आले. खाणीतून निवृत्त झालेले, उंच, हाडापेराने मजबूत. उजवी बरगडी हाताने दाबून धरलेली, कपाळावर घाम.

“पोरी, इथे सुई टोचल्यासारखं होतंय. तापही उतरत नाही.”

संगणकावर दोन वेळा मोकळ्या होत्या. एक मी वार्वारासाठी ठेवली होती. वार्वारा म्हणजे माझ्या मुलीची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. दुसरी आमच्या पाद्रींच्या बायकोसाठी.

“काका, या महिन्याच्या संपल्या हो,” मी म्हणाले. “तीन तारखेला सकाळी पहिला नंबर तुमचा. फारच वाटलं तर सरकारी इस्पितळात जा.”

“तिथे बाकावर सहा तास कोण बसणार?” ते हसले, आणि हसताना कळ आली म्हणून थांबले. “जाऊ दे. शेतात केशर फुललंय. तेवढं खुडून होईल.”

गुरुवारी वार्वारा आली, भोपळ्याचं सारण भरलेली खारी घेऊन. डॉक्टरांनी तिची छाती ऐकली आणि सिगारेट सोड म्हणून सांगितलं. “हे ऐकायला यायचं तर घरी नवरा आहे की!” असं म्हणत ती हसत जिना उतरली.

तीन नोव्हेंबरला आनेस्तिसकाका आले ते बायकोच्या, सिमेलाकाकूंच्या खांद्यावर भार टाकून. चेहरा मेणासारखा. डॉक्टरांनी मशीन लावलं आणि मला आत हाक मारली. “पार्थेना, अँब्युलन्स बोलाव. फुफ्फुसाभोवती पू झालाय.” मग काकांकडे वळून म्हणाले, “कधीपासून दुखतंय?”

“दोन आठवडे.”

“आणि आज येताय?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, अगदी निमिषभर.

“केशर होतं, डॉक्टर. फूल थांबत नाही.”

“अहो, पण तुम्ही तर त्या मंगळवारी इकडे...” काकू बोलायला लागल्या.

“बँकेत गेलो होतो मी. तुला काय आठवतंय!”

डॉक्टर संतापले. फुलांपायी जीव घालवणार का, लहान मूल आहात का, किती किती बोलले. काका मान खाली घालून ऐकत राहिले. ते सगळं बोलणं माझ्या वाट्याचं होतं. मी दारातूनच अँब्युलन्सला फोन लावला.

थेसालोनिकीच्या इस्पितळात त्यांची छाती उघडावी लागली. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. दवाखाना बंद करताना मी डॉक्टरांना सगळं सांगितलं.

“त्या दिवशी तपासलं असतं तर?” मी विचारलं.

“कदाचित सुईने पाणी काढून भागलं असतं. कदाचित नसतं. खात्री माझ्याकडे मागू नकोस.” ते बराच वेळ कोटाची बटणं लावत राहिले. “तू वेळा राखतेस हे मला माहीत नव्हतं असं वाटतं तुला? माझी मावशी कशी यायची दर महिन्याला?”

दुसऱ्या दिवसापासून मी विम्याच्या उरलेल्या वेळांचा आकडा काउंटरच्या काचेवर सर्वांना दिसेल असा लावला. आता तिच्यासाठी वेळ राखत नाही म्हणून वार्वाराने माझ्याशी बोलणं टाकलं.

जानेवारीत मी क्रोकोसला गेले. सिमेलाकाकूंनी कॉफी ठेवली आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. त्यांना माहीत होतं. काका खिडकीशी बसले होते, निम्मे झाले होते.

“काका, त्या दिवशी जागा होती.”

“दोन होत्या. तुझ्या मागे काचेचं कपाट आहे ना, त्यात संगणकाचा पडदा दिसत होता सगळा.”

“मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?”

त्यांनी श्वास गोळा केला. “एकोणीस वर्षं मुकादम होतो मी. धुळीपासून वाचवणारे चांगले मास्क यायचे चाळीस, माणसं नव्वद. आधी आमच्या गावच्यांना द्यायचो. बाकीच्यांना म्हणायचो, संपले. त्यातले किती गेले, मोजायला गेलो नाही. मग तुझ्यावर ओरडायला तोंड कुठून आणू?”

“मला माफ करा.”

“ते नाही जमायचं, पोरी. अजून रात्री टाके ओढतात. कॉफी घे, निवेल.”

मी कॉफी प्यायले. निघताना ते हट्टाने फाटकापर्यंत सोडायला आले. अंगण काही मोठं नव्हतं, तरी दोनदा थांबले. दोन्ही वेळा मी पिशवीत किल्ली शोधत असल्यासारखं केलं आणि त्यांची धाप ओसरेपर्यंत वर पाहिलं नाही.