चंद्राचा ठराव

नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यातल्या वायरमनला सगळे होल्डर म्हणायचे, कारण त्याच्या खिशात बल्बचा एखादा होल्डर हमखास सापडायचा. चोवीस वर्षं रस्त्यांचे दिवे दुरुस्त करून त्याची मान कायम वरच असायची. पण दिव्यांच्याही वर काय आहे, हे बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

ती शिल्पकारबाईंनी आणली. त्यांनी मुख्य चौकात दोन पुरुष उंचीचा फायबरचा चंद्र उभा केला. आत दिवे आणि टायमर. आकाशातला चंद्र वाढेल तसा हा वाढणार, घटेल तसा घटणार. खाली दगडी बाक आणि पाटी: ‘बसा. काळ जातो आहे.’ कामाला उशीर झालेले लोक ती पाटी वाचून आणखीच भराभर चालू लागले.

टायमर जुळवायचं काम होल्डरकडे आलं. महिनाभर तो कधी संध्याकाळी, कधी पहाटे गच्चीवर जाऊन खरा चंद्र शोधायचा आणि मग चौकात येऊन खोटा तपासायचा. त्याला त्याचा नादच लागला.

“लग्नाला वीस वर्षं झाली,” बायको म्हणाली, “माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत.”

“तू कुठे कलेकलेने घटतेस?” तो म्हणाला, आणि त्या दिवशीचा चहा त्याला स्वतःच करून प्यावा लागला.

उद्घाटनाची तारीख नगराध्यक्षांच्या सोयीने ठरली. होल्डरने कॅलेंडर पाहिलं आणि तो थेट इंजिनिअरसाहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

“साहेब, त्या दिवशी अमावस्या आहे.”

“मग? तुला सुट्टी हवी आहे का? वायरी बघ तू.”

त्याने वायरी बघितल्या. ठरल्या संध्याकाळी नगराध्यक्षांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. लोकांनी अर्ध्यावर आणलेल्या टाळ्या तशाच हवेत धरून ठेवल्या.

शिल्पकारबाईंचे डोळे मात्र भरून आले. “ही रिकामी जागा बघा! काळ आपल्याकडून काय काय नेतो...”

“बाई, बल्ब गेलाय,” नगराध्यक्ष म्हणाले. “वायरमन कुठे आहे?”

होल्डर पुढे झाला. “बिघाड नाही साहेब. आज चंद्र नसतो.”

“नसतो म्हणजे? कोणाला विचारून?”

होल्डर शिडी चढला, टायमर काढला, तारा सरळ जोडल्या. चंद्र लख्ख पेटला, टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली उतरताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. महिनाभराची मेहनत त्याने आपल्याच हाताने पक्कडीत धरून तोडली होती. शिल्पकारबाई दोन मिनिटं संतापल्या. मग कॅमेरे वळले, तशा त्या नगराध्यक्षांशेजारी उभ्या राहून हसल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं, “यापुढे पूर्णच ठेवायचा.”

“लेखी द्या,” होल्डर म्हणाला.

लेखी आलं: ‘सदर चंद्र सदैव पूर्ण प्रकाशित ठेवावा.’ होल्डरने शब्दाला शब्द पाळला. सदैव म्हणजे सदैव. भर दुपारी उन्हातही चंद्र पेटलेला. समोरच्या इमारतीतल्या लोकांची झोप उडाली. तक्रारींचा ढीग पडला. समिती बसली. निम्म्यांना पूर्ण चंद्र हवा होता, निम्म्यांना बंद. तीन बैठका आणि बरीच बिस्किटं झाल्यावर एकमताने ठराव झाला, की चंद्र कायमचा अर्धा ठेवावा.

चौकाला अर्धा चंद्र मिळाला आणि दिवाबत्ती खात्यातून होल्डरला अर्धचंद्र. ‘आदेशाचा विपर्यास केल्याबद्दल’ त्याची बदली गावाबाहेरच्या पंपघरात झाली. बायकोने डबा भरून देताना एवढंच सांगितलं, “तिथे तरी वर बघत बसू नका. पाय घसरून टाकीत पडाल.”

महिन्याभराने पंपघरात शिल्पकारबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज भारावलेला होता.

“मी काल चौकात गेले होते. धड ना भरलेला, ना सरलेला... थांबलेला काळ! मला स्वतःला हे सुचलं नव्हतं हो. ही कल्पना कोणाची?”

“समितीची,” होल्डर म्हणाला.

“संवेदनशील माणसं आहेत,” बाई म्हणाल्या.

होल्डरने फोन ठेवला आणि पाणी सोडायची वेळ झाली होती म्हणून पंप सुरू केला.