वायरवालं मशीन

आईच्या पायाची जखम भरेना, तेव्हा पालघरचा डॉक्टर बोलला, "महिनाभर घरी शुगर तपासा आणि आकडे घेऊन या. शुगर खाली आली तर गोळ्यांवर भागेल. नाहीतर इन्सुलिनचं इंजेक्शन चालू करावं लागेल."

एवढंच काम. पण साधं काम माझ्या बापाला पचत नाय.

बोईसर स्टेशनजवळच्या दुकानात दोन मशीनं होती. एक साधं, बोट टोचा आन आकडा बघा. दुसऱ्याला वायर, सोबत फ्लॉपी.

दुकानदार बोलला, "साहेब, साधं घ्या. वायरवाल्याच्या रक्त लावायच्या पट्ट्या मुंबईवरून मागवायला लागतात."

"कॉम्प्युटरला जोडता येतं का ते सांगा," बाप बोलला.

"येतं. पण वहिनींना त्याचं काय काम?"

"डेटा."

हा शब्द त्याच्या मॅनेजरचा. बाप एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत सुपरवायझर हाय. मॅनेजर शिंकला तर ह्याचा रुमाल बाहेर येतो. मॅनेजरनं जुना कॉम्प्युटर विकायला काढला, तो घ्यायला हाच पुढं. देवघराच्या बाजूला मांडलाय, वर आईनं भरलेलं फुलाफुलांचं कव्हर. खोलीत जायचं तर चपला बाहेर, का तर व्हायरस जातो. आन हा माणूस मला अडाणी बोलतो.

"बाबा, साधं घ्या ना," मी बोलले. "आकडा दोन्हीत तोच येणार."

"आनंदे, तू गप. नववीत शाळा सोडलेल्यांनी टेक्नॉलॉजीत तोंड घालू नये."

दुकानदार हसला आन वायरवालं मशीन पिशवीत घातलं. गिऱ्हाईक गाढव असलं की दुकानदार जास्त वाद घालत नाय.

आईचं बोट मीच टोचायची. आकडा रोज तीनशेच्या वरच. रविवारी बाप आंघोळ करून वायर जोडायचा. स्क्रीनवर लाल रेघ चढायची. तो आईच्या पायाकडं बघायचा नाय, रेघेकडं बघायचा.

"मैना, तुझी लाईन फार खराब आहे हं," असं बोलायचा, जशी काय आईनं ती कोळशानं ओढली होती.

मग एक दिवस बाजूच्या हंसाकाकी आल्या. बापानं हौसेनं त्यांचं बोट टोचलं. काकी ठणठणीत, आकडा शंभरच्या खाली. आता मशीनला काय, बोट कुणाचं ते त्याला कळत नाय. आईचा आकडा, काकीचा आकडा, सगळं एकाच पोटात. रविवारी लाईन थोडी उतरली आन बाप फुलला.

"बघ मैना, फरक पडतोय."

मी तोंड उघडणार होते, तर आईनं डोळ्यांनी गप केलं. मला वाटलं, नवऱ्याची अब्रू राखते.

संक्रांत आली. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, पण आई दरवर्षी एका दुपारीच उरकते. ह्या वर्षी तिनं रोज चार-पाच बायका बोलवल्या. वाणाला प्लास्टिकची चाळणी, आन त्याच्या आधी शुगरची तपासणी फुकट. बाप दुसऱ्या पाळीला जायच्या आधी मशीन घेऊन पुजाऱ्यासारखा बसायचा.

"पयले बोट द्या गं," आई प्रत्येकीला सांगायची. "तिळगूळ मागनं. गोड खाल्लं की आकडा वर जातो."

रखमावहिनी बोट पुढं करून बोलल्या, "मैनाताई, तुमचे मालक डॉक्टर झाले की काय?"

"डॉक्टरच्या वर गेलेत," मी बोलले. "डॉक्टरला निदान पेशंट ओळखू येतो."

वहिनी पदरात हसल्या. बापाला वाटलं पोरीनं कौतुक केलं.

आन आई? ती स्वतःचं बोट देईना. पट्ट्या संपतील, बोलायची. तेव्हा माझी ट्यूब पेटली. ती मोरीत भांडी घासत होती, मी नळ बंद केला.

"आई, लाईन बायकांची हाय. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"माझ्या बहिणीला इंजेक्शन चालू केलं आन वर्षाच्या आत पाय कापला. मग गेलीच ती. सुई म्हंजे शेवट असतो, आनंदे. गोळ्या हायेत तवर माणूस हाय. बापाला बोलू नको. तो खूश हाय, त्याला राहू दे."

"मावशीनं सुई उशिरा घेतली म्हणून पाय गेला."

"तू डॉक्टरीन हायेस का?" तिनं लुगडं खाली ओढलं, पायाची पट्टी झाकली, आन नळ परत चालू केला. पट्टीचा वास मला तरी येतच होता.

बाप मूर्ख हाय, त्याला मी काय करू. पण आई हुशार. आमच्या घरात मशीन जर कुणाला समजलं असेल तर ते तिला. आन ती अक्कल तिनं कुठं घातली, तर स्वतःला फसवण्यात. मला तिचा जास्त राग आला.

महिना संपला. पालघरला दवाखान्यात बापानं प्लास्टिकच्या फाईलमधून ग्राफ काढला आन दोन्ही हातांनी दिला, प्रसादासारखा.

डॉक्टरनं वरून खाली नजर फिरवली. "अरे वा, सरासरी छान आली. गोळ्याच चालू ठेवू."

"कलरमध्ये पण निघतो, सर," बाप बोलला.

डॉक्टरनं पुढच्या पेशंटसाठी बेल दाबायला हात नेला. आईनं सुटल्यासारखा श्वास सोडला. पायाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाय. तीन मोठी माणसं, आन सगळी त्या कागदावर खूश.

मी बापाच्या पिशवीतून मशीन काढलं, पट्टी लावली आन आईचं बोट धरलं. तिनं ओढलं, मी सोडलं नाय.

"आनंदे, डेटा बिघडेल," बाप बोलला.

तीनशे अठ्ठावन्न. मी मशीन डॉक्टरच्या नाकापुढं धरलं.

"हे हिचं. कागदावरचं आमच्या कॉलनीतल्या बायकांचं हाय. त्यांना गोळ्या द्या पायजे तर."

डॉक्टरनं आकडा बघितला, कागद बघितला, आन मग पयल्यांदा बोलला, "पाय दाखवा बाई." पट्टी सोडून त्यानं जखम दाबून बघितली. मग त्यानं इंजेक्शन लिहिलं, आजपासूनच.

एसटीत आई मुद्दाम माझ्यापासनं लांबच्या सीटवर बसली. बाप खिडकीकडं तोंड करून बोलला, "एवढी छान लाईन आली होती."

घरी आल्यावर सुई भरायला कुणी पुढं होईना. बापाला रक्त बघवत नाय, असं तो बोलला. महिनाभर अख्ख्या कॉलनीची बोटं टोचली त्यानं. मीच भरली.

"तुझ्या हाताला दया नाय," आई बोलली.

"नाय. पोटाची कातडी चिमटीत धर."

तिनं धरली.