भिंतीवरच्या पाच जणांचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. आधीच सांगून टाकतो, मी फार हेवेखोर आहे. देखणा आहे आणि हेवेखोर आहे. माझ्यात लालभडक आकाश आहे, खाली काळी टेकडी आहे आणि टेकडीवर एकच झाड आहे. पाहणारा पहिल्यांदा 'वा!' म्हणतो आणि मग बाकीचं बोलतो. तरीही माझं आयुष्य औषधांच्या बाटल्यांमागे, फळीवर टेकून गेलं. समोरच्या भिंतीवर मात्र पाच फिकट फोटो ऐटीत टांगलेले होते. त्यांच्याकडे पाहून माझ्या अंगाचा कसा तिळपापड व्हायचा, ते तुम्हाला सांगतो.

आम्हा सगळ्यांना ताईने काढलं. तिचे बाबा कालव्याच्या दरवाजावर कामाला होते. पाणी सोडायचं, पाणी बंद करायचं, हे काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं. रोज सकाळी घरापासून कालव्यापर्यंत ते पायी जायचे. नोकरी संपली तरी त्यांचं जाणं संपलं नाही. मग एक दिवस ते पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना पलंग धरावा लागला. ते कोणाशी धड बोलेनात. तेव्हा ताईने ठरवलं की बाबांची वाटच त्यांच्या समोरच्या भिंतीवर आणायची.

तिने कामही मोठं चोख केलं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. बाबा उभे असले की त्यांचे डोळे बरोबर दाराच्या वरच्या कडीच्या उंचीला यायचे. तेवढ्या उंचीची एक काठी तिने कापून घेतली आणि प्रत्येक ठिकाणी काठीच्या टोकाशी कॅमेरा धरला. सकाळची वेळ आणि ढगाळ हवा असेल तरच ती फोटो काढायची. ऊन पडलं की ती कॅमेरा पिशवीत घालून घरी परतायची. एका फोटोत वाट उजव्या कडेला जिथे संपते, पुढच्या फोटोत ती डाव्या कडेला तिथूनच सुरू झाली पाहिजे, हा तिचा हट्ट होता. फाटक, खडीचा चढ, पडक्या कुंपणाचं वळण, लहानसा पूल आणि शेवटी कालव्याचा दरवाजा, अशा पाच फोटोंसाठी तिने दीड महिना घालवला.

आणि मी? एके दिवशी सकाळभर ढगांची वाट पाहून ताई कंटाळली आणि कॅमेरा पिशवीत तसाच ठेवून दुसऱ्या कामाला गेली. संध्याकाळी परतताना तिने मागे वळून टेकडीकडे पाहिलं आणि सहज बटण दाबलं. माझा जन्म एवढ्यातच उरकला.

फ्रेमवाल्यांच्या दुकानात आम्हा सहाही जणांना टेबलावर मांडलं. फ्रेमवाल्यांनी सगळ्यांत आधी मला उचललं. "ताई, हा तर एक नंबर आलाय! मधोमध लावा हा."

मी मनात मांडे खायला लागलो. पण ताई म्हणाली, "छान आलाय, पण तो नको. तो यांच्यातला नाहीये."

"अहो, बाकीचे किती फिके आहेत!"

"असू देत. बाबांना रोज त्यातून जायचंय."

यांच्यातला नाहीये! हे शब्द माझ्या जिव्हारी लागले. त्या पाचांना लाकडी चौकटी मिळाल्या. मला उरलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि फळीवर ठेवून दिलं.

तेव्हापासून रोज सकाळी मी तोच सोहळा पाहायचो. चहा झाला की बाबा उशीला टेकून बसायचे आणि भिंतीकडे पाहत पुटपुटायचे, "फाटक लावलं. आता खडी, जरा जपून. हे वळण आलं." पूल ओलांडून कालव्यावर आले की ते मोठ्याने म्हणायचे, "पोचलो गं!" मग दिवसभर ते ताईशी गप्पा मारायचे. भेटायला येणारे लोक माझं तोंडभर कौतुक करायचे, पण ते मला गोड लागत नसे. मला बाबांची नजर हवी होती आणि ती माझ्यावर कधी चुकूनही थांबली नाही. सगळ्यांत जास्त राग मला तिसऱ्याचा यायचा. त्याच्यात होतं काय? एक पडकं कुंपण आणि एक वळण! आणि तोच मधोमध मिरवत होता. 'पड एकदाचा,' असं मी मनात रोज म्हणायचो.

आणि तो खरंच पडला. खिळा निघाला, काच फुटली आणि फोटोवर ओरखडा उठला. फ्रेमवाले म्हणाले की नवीन करून द्यायला दोन दिवस लागतील. शेजारच्या काकू तेव्हा घरातच होत्या.

"अगं, मोकळी जागा कशी दिसते ती! तोवर हा लाव ना. सगळ्यांत देखणा तर हाच आहे."

ताईने क्षणभर विचार केला आणि मला तिसऱ्याच्या जागी लावलं. मित्रांनो, मला आभाळ ठेंगणं झालं. शेजारच्या चौघांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

सकाळ झाली. बाबा टेकून बसले. "फाटक लावलं. खडी, जपून..." आणि त्यांची नजर माझ्यावर आली. ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे बघत होते.

"हे काय गं? मधेच संध्याकाळ कुठून झाली?"

"दोनच दिवस, बाबा. छान आहे ना?"

"छान आहे गं. पण वळण कुठाय? मी जाऊ कुठून?"

"पुढे पूल आहे की. तिथून जा."

"उडी मारून जाऊ होय?" ते हसले. मग पुन्हा फाटकापासून निघाले, खडी चढले आणि माझ्यापाशी येऊन अडले. माझ्यात वाटच नव्हती. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. त्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि दिवसभर ते कोणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवून ते एवढंच म्हणाले, "आज नको. आज घरीच बरं." त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला हवी होती ती जागा मिळाली होती आणि तिथे टांगलेला असताना मला लाज वाटत होती. तिसरा लवकर परत यावा, असं मला वाटू लागलं. असं काही मला वाटेल, यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

तो संध्याकाळी आला. ताईने मला काढलं, त्याला लावलं आणि सकाळी बाबा निघाले. फाटक, खडी, वळण. वळणावर ते जरा जास्त वेळ थांबले. मग पूल. मग खणखणीत आवाज आला, "पोचलो गं! चहा टाक अजून एक."

मित्रांनो, माझा हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. काकू 'वा!' म्हणतात तेव्हा मी अजूनही समोरच्या पाचांकडे तिरक्या नजरेने बघतो. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की घरात चित्रं लावाल तेव्हा ती कोणासाठी आहेत ते आधी बघा आणि त्यांचे खिळे सैल होऊ देऊ नका. ताई आता दर आठवड्याला स्टुलावर चढून एकेक खिळा हलवून पाहते. तेव्हा फळीवरून मी मनात म्हणतो, 'बाई, तिसऱ्याचा पुन्हा एकदा बघ.'