तीन कुलपांमागचे टेबल

मी एक जुने टेबल आहे आणि मित्रांनो, मी रागावलेले आहे. लाकडालाही राग येतो. त्याला फक्त आदळआपट करता येत नाही.

एका सुताराने मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्यांपासून मला घडवले. गावात प्रार्थनेसाठी हॉल एकच होता आणि ख्रिस्ती मंडळ्या तीन. भल्या सकाळी ऑर्थोडॉक्सांचे दाढीवाले फादर येत. संतांच्या चित्रांपुढे ते धूप जाळत आणि जुनी परंपरा जशीच्या तशी जपत. मग कॅथलिकांचे मोठे फादर येऊन मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, करत. पोप साऱ्या मंडळीचे प्रमुख, हे त्यांचे म्हणणे दाढीवाल्यांना मान्य नव्हते. संध्याकाळी प्रोटेस्टंट पाळक चित्रे बाजूला सारून बायबल उघडत आणि सांगत, माणूस तरतो तो देवाच्या कृपेने, विश्वासाने. पहिल्या दोघांची मी वेदी होते, तिसऱ्यांचे साधे टेबल.

मला मात्र तिघांकडून एकच गोष्ट ऐकू येई. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. पुत्र येशू माणूस झाला, आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून तिघेही माझ्यावर भाकर आणि द्राक्षारस ठेवत.

आणि भांडत कशावरून? माझ्या चादरीवर सांडलेल्या मेणावरून! एकाने रागाने दाराला कुलूप लावले, म्हणून दुसऱ्याने लावले, म्हणून तिसऱ्याने. मग हॉल उघडायला तिघांना एकत्र यावे लागे. प्रेमाने नव्हे, संशयाने.

गावात एक सुईण होती. सगळे तिला मावशी म्हणत. कुलपे लागण्याआधी, पुराच्या वेळी लोक हॉलमध्ये आसऱ्याला आले, तेव्हा एका बाईला कळा सुरू झाल्या. मावशीने तिला माझ्यावर निजवले. "अहो, पवित्र जागा आहे ही!" कोणीतरी ओरडले.

"देव गोठ्यात जन्मला, तेव्हा गाईंनी नाही कटकट केली," मावशी म्हणाली. "गरम पाणी आणा आधी."

मूल माझ्यावरच जन्मले. माझ्या साऱ्या आयुष्यात मला इतका अभिमान कधी वाटला नाही.

ती मावशी वारली. तिचा बाप्तिस्मा मोठ्या फादरांच्या मंडळीत झाला होता, लग्न दाढीवाल्यांच्या. म्हातारपणी ती पाळकांच्या बायबलवाचनाला बसे. झाले! तिघांनीही ठणकावले, "मावशी आमची." कोणीच किल्ली देईना. शवपेटी बाहेर व्हरांड्यात, उन्हात. मी आत अंधारात ऐकत होते आणि माझी एकेक फळी जळत होती. जिने यांची पोरे जगात आणली, तिला दाराबाहेर ठेवता?

मग मावशीची धाकटी बहीण पुढे आली. शिवणकाम करून जगणारी, एरवी मान वर न करणारी बाई.

"तुमच्यापैकी कुणाचा येशू मेलेल्यांतून उठला नाही?" तिने विचारले. "ज्याचा उठला नाही, त्यानं खुशाल घरी जावं."

एकही जण घराकडे वळला नाही.

"मग उघडा की!"

आधी दाढीवाल्यांचे कुलूप निघाले, मग मोठ्या फादरांचे. पाळकांची किल्ली कुलपात अडकली, फिरेना. मोठ्या फादरांनी ती त्यांच्या हातून घेतली आणि फिरवली.

पेटी माझ्यावर ठेवली. वेदीवर पेटी ठेवत नाहीत, असे कोणी कुजबुजले. बहिणीने नुसते वळून पाहिले. मग धूप जळला, पवित्र पाणी शिंपडले गेले, बायबल वाचले गेले. मेलेले पुन्हा उठतील, ही पुनरुत्थानाची आशा तिघांनीही सांगितली.

वाटले, आता सुधारतील. पण पुढच्या रविवारी दोन कुलपे पुन्हा दारावर! दाढीवाल्यांनी तेवढे आपले लावले नाही. बाकीची दोन अजून लटकत आहेत.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवी चादर नको. आपापली पद्धतही सोडू नका. मेणाचे डाग मी सोशीन. पण ज्याच्या नावाने माझ्याभोवती जमता, त्याने कोणाला बाहेर उभे केले होते, तेवढे एकदा मला सांगा.