तांदळाच्या दाण्याएवढा खाली

मी बार बोलतोय. दारूचा नव्हे. तो विनोद ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

मी पोलादाचा भरीव तुकडा. अंगठ्याहून जाड, बोटाएवढा लांब, एका टोकाला गोल. पेडल स्टील गिटार म्हणून एक वाद्य असतं, चार पायांवर टेबलासारखं उभं. वर दहा तारा, खाली पायाने दाबायची पेडलं. वाजवणारा उजव्या हाताने तारा छेडतो आणि डाव्या हाताने मला तारांवर सरकवतो. मी थांबेन तिथे सूर. साध्या गिटारीला पितळी पट्ट्या असतात, बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी त्या सांभाळून घेतात. इथे तसलं काही नाही. तारांच्या खाली एका लांब पट्टीवर नुसत्या रेघा रंगवलेल्या. त्या दाखवायच्या, धरायच्या नाहीत. मी चुकलो की सगळ्या हॉलला कळतं.

शाळेबिळेत मी गेलेलो नाही, त्यामुळे गोड बोलता येत नाही. पण रविवारी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आधी थोडं मागचं ऐका.

मला एका लेथवाल्याने बनवलं. कारखान्यात शाफ्टचा तुकडा उरला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने तो मशीनवर चढवला, घासला, आरशासारखा चकचकीत केला आणि घरी नेऊन बायकोच्या हातात ठेवला. लोक बायकोला साडी नेतात. याने लोखंड नेलं. आणि ती बया खूश झाली, कारण ती स्टील वाजवायची.

तिच्या हातात मी कितीतरी वर्षं काढली. तिचा दीर बँड चालवायचा. अजून चालवतो, स्वतः ड्रमवर बसतो. त्याच्या बँडमध्ये मी तारांवरून असा घसरायचो की नाचणारी माणसं पाय उचलायची विसरायची. फुशारकी नाही, पाहिलेलं सांगतो.

मग लेथवाला गेला. बाईची म्हातारी झाली, डाव्या हाताची बोटं आखडली, आणि मी गेलो स्वयंपाकघरातल्या खणात. सोबतीला स्क्रू-ड्रायव्हर, जळका बल्ब आणि सेलोटेपचं रिकामं चाक. माणसांची ही एक सवय मला कधी कळली नाही. टाकवत नाही म्हणून ठेवतात, आणि ठेवलंय ते विसरतात.

तिथून मला बाहेर काढलं सुनेने. कशासाठी? लसूण ठेचायला. होय. ज्याने हॉल रडवले त्याने लसूण ठेचला. खट्याक, खट्याक आवाज ऐकून म्हातारी आतून आली.

"अगं, काय करतेस तू हे?"

"लसूण, आई. बत्ता सापडेना."

"बत्ता? तुझ्या सासऱ्याने हाताने बनवलाय तो. आण इकडे."

म्हातारीने मला धुतलं, पदराने पुसलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. सून घाबरली असेल असं मला वाटलं. कसलं काय.

"मग नुसता खणात का ठेवलाय? वाजवून दाखवा की," ती म्हणाली.

"बोटं मिटत नाहीत माझी."

"माझी मिटतात."

झालं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून गिटार खाली आली. सून शिवणकामाच्या कारखान्यात मशीन चालवायची, त्यामुळे पायाला पेडलाची ओळख. हात मात्र सुरुवातीला मला रताळ्यासारखं धरायचे. महिने गेले. हळूहळू ती हलकी झाली आणि मी घसरू लागलो. म्हाताऱ्या लोखंडाला पुन्हा पालवी फुटली म्हणा.

भांडणं मात्र रोजची. म्हातारीच्या मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, हौसेने सूर दाखवणारं यंत्र आणून दिलं. तार बरोबर लागली की हिरवा दिवा. त्याने दहाच्या दहा तारांना दिवा लावून दिला आणि छाती फुगवून उभा राहिला. सुनेने कॉर्ड, म्हणजे तीन-चार तारा एकदम, छेडली. आंबट.

"हिरवा तर लागलाय," मुलगा म्हणाला.

"सिग्नल आहे का तो?" म्हातारी म्हणाली. "तिसरी आणि सहावी जरा उतरव. अजून. आता ऐक."

तारांची आपसातली कुरबुर थांबली. जसा गढूळ पाण्यातला गाळ खाली बसावा. मुलगा यंत्राकडे बघत राहिला. दिवा लाल होता.

"आणि आता पेडल दाबून बघ," म्हातारी सुनेला म्हणाली. "दोन तारा ताणल्या की लाकूड वाकतं आणि बाकीच्या ढिल्या पडतात. म्हणून त्या मुळातच केसभर चढ्या ठेवायच्या. घरातही तसंच असतं. एकाचा कान पिळला की बाकीचे आपोआप मऊ."

"म्हणून तुम्ही रोज माझाच पिळता होय," सून म्हणाली.

एवढं शिकून सून म्हातारीच्या दिराच्या बँडमध्ये तालमीला गेली, आणि तिथे घोळ झाला. मी तारांवर बसलो की सगळ्यांपेक्षा खाली. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. पण सुरात दाणा म्हणजे खडा. घरी एकटी वाजवायची तेव्हा कोणाला कळलं नव्हतं, कारण मी दहाही तारा एकदमच खाली नेतो. त्या आपसात गोडच राहतात. शेजारी दुसरं वाद्य आलं की पितळ उघडं. मला ते कळत होतं. का होतंय ते कळेना, कारण सून मला रेघेच्या अगदी बरोबर वर ठेवत होती. आणि लोखंडाला विचारतो कोण?

दीर घरी आला, चहा न घेता उभ्याउभ्या म्हणाला, "वहिनी, पोरगी मेहनती आहे. पण उतरते. कीबोर्डवाल्याकडे बटण आहे, दाबलं की स्टीलचा आवाज येतो."

"बटणाला घाम येतो का हो, भावजी?"

"येत नाही. सूरही चुकत नाही. रविवारी दुपारचा कार्यक्रम तिला देतो. जमलं तर जागा तिची. नाहीतर गिटार पुन्हा माळ्यावर."

त्या रात्री सुनेने मला उशाशी ठेवलं. मी थंडगार, पण तिने हात काढला नाही.

रविवार आला. हॉल भरलेला, खुर्च्या भिंतीला लावून मध्ये नाचायला जागा, खिडक्यांतून ऊन. म्हातारी स्टेजजवळच्या खुर्चीत काठी धरून. मोकळ्या तारा लावल्या, सगळं छान. गाणं सुरू झालं, मी तारांवर बसलो आणि तोच दाणा. गाणारी बाई मान वळवून बघायला लागली. दिराने ड्रमवरून कीबोर्डवाल्याला डोळ्याने खूण केली. सुनेचा तळवा घामाने इतका निसरडा झाला की मी पडता पडता राहिलो. गाणं कसंबसं संपलं.

आणि म्हातारी उठली. काठी टेकत थेट स्टेजवर.

"वहिनी, लोक बसलेत," दीर दबक्या आवाजात म्हणाला.

"बसू देत. उभं राहायला कोण सांगतंय? सूनबाई, ऊठ जरा."

म्हातारी स्टुलावर बसली. ठेंगणी, त्यात उजवीकडे झुकून बसायची तिची जुनी खोड. तिने मला तिसऱ्या रेघेवर ठेवलं आणि आखडल्या बोटांनी तार छेडली. सूर चोख. मग मला तसंच धरून ती सरळ झाली, जिथे सुनेचं डोकं येतं तिथून खाली बघितलं.

मी रेघेवर नव्हतो. दाणाभर उजवीकडे होतो.

"मीच," ती म्हणाली. "रेघांची जुनी पट्टी पुसट झाली तेव्हा नवी मीच चिकटवली. माझ्या बसण्याने बार रेघेवर दिसावा म्हणून जराशी डावीकडे सरकवून. तू उंच. ताठ बसतेस, बरोबर वरून बघतेस. पोरी, तू माझ्या डोळ्यांनी वाजवत होतीस."

"मग आता, आई?"

म्हातारीने पट्टीच्या टोकाखाली नख घातलं आणि फर्रकन ओढली. निम्मी आली, निम्मी फाटली, तीही ओढली. खाली नुसतं लाकूड आणि गोंदाचे डाग. एक रेघ शिल्लक नाही.

"वहिनी, अहो, आता ती बघेल कुठे?"

"कुठेच नाही. तुमचा कीबोर्ड सूर धरतोय ना? धरू दे."

ती खाली उतरली आणि सुनेकडे पाठ करून बसली.

कीबोर्डवाल्याने सूर धरला. सुनेने मला उचललं. अरे, माझ्या पोलादात त्या वेळी काय झालं ते कसं सांगू. खाली बघायला काही नाही, हात धरायला कोणी नाही. ती मला खालून सरकवत आली. जवळ, अजून जवळ. सुरावर सूर घासला, थरथर उठली, मोठी, मग बारीक, मग अगदी बारीक. आणि थांबली. मी बसलो. तिने मनगट किंचित हलवलं, सूर डोलला, आणि गाणारी बाई गायलाच लागली. दिराने काठ्या उचलल्या. पेडल दाबलं, दोन तारा वर चढल्या आणि सगळा हॉल त्यांच्याबरोबर चढला. एक म्हातारा नाचता नाचता मध्येच थांबला, पाय उचलायचा विसरून. मी म्हटलं होतं ना?

गाणी संपल्यावर दीर म्हणाला, "पुढच्या रविवारी लवकर या. तालीम आहे." कोणाला ते त्याने सांगितलं नाही. सुनेला कळलं.

आता मी गिटारीवरच असतो. खणात नाही. गोंदाचे डाग अजून आहेत, नवी पट्टी कोणी आणलेली नाही. संध्याकाळी सून सरावाला बसते, म्हातारी आतल्या खोलीत. मी सुराच्या खाली राहिलो की ती भिंतीवर काठी वाजवते. या आठवड्यात काठी वाजलेली नाही. काल सूनच उठून बघायला गेली, म्हातारी झोपली की काय. जागी होती. काठी तिनेच दाराशी उभी करून ठेवली होती, हाताला येणार नाही इतकी लांब.

माझं मागणं एकच. वाजवून झालं की मला पुसा. आणि लसणासाठी बत्ता विकत घ्या.