नमुन्याप्रमाणे माल

"ही ओळ सोडा मॅडम. हातमोजे, चष्मे, बूट, सगळी किरकोळ खरेदी. त्याच्यात काय ऑडिट करायचंय?"

अवधूत साहेबांनी गंधालीच्या कागदावरच्या सहाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच दाबून धरलं. ओळ उठून पळून जाणार होती की काय, कुणास ठाऊक.

जालन्याच्या एमआयडीसीतली ही सळईची कंपनी. खरेदी विभागाचं अंतर्गत ऑडिट सोमवारपासून सुरू व्हायचं होतं आणि आज त्याची आखणी होती. काय तपासायचं, काय सोडायचं, कुणाला कधी बोलवायचं, एवढंच. त्यासाठी मुख्य कार्यालयातून गंधाली आलेली, तिशीच्या आतली, कमी बोलणारी मुलगी. खरेदीचे मॅनेजर अवधूत साहेब सकाळपासून तिला चहावर चहा पाजत होते आणि गोड बोलून यादीतली एकेक ओळ खोडायला लावत होते. शेजारच्या खुर्चीत मांडीवर फायलींचा ढीग घेऊन दैवशाला बसली होती. खरेदी विभागाच्या स्टोअरची ती कारकून. बावीस वर्षं नोकरी, आणि बावीस वर्षांत मीटिंगमध्ये तोंड उघडलेलं नाही. फाइल मागितली की द्यायची, एवढंच तिचं काम.

पण 'किरकोळ' हा शब्द कानावर पडला आणि तिचं डोकं सणकलं.

कचरूचा हात किरकोळ होता का?

कचरू तिच्याच गावचा, वाटूरचा. दोन एकरात भागेना म्हणून तिच्याकडं आलेला. "माझ्या शब्दावर घ्या साहेब, मेहनती माणूस हाय," असं म्हणून तिनंच त्याला भट्टीवर लावलेलं. तीन आठवड्यांपूर्वी लालभडक सळई चिमट्यातून निसटली, कचरूनं तोंड वाचवायला हात आडवा घातला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. सुरक्षेचं सामान खरेदी विभागाचं, म्हणून दुसऱ्याच दिवशी अवधूत साहेबांच्या सहीचा अहवाल तयार! 'कामगाराने हातमोजे घातले नव्हते.' झालं. कंपनीनं हात झटकले, साहेब मोकळे, आणि चूक कुणाची तर दवाखान्यात कण्हत पडलेल्या माणसाची.

खोटं होतं ते. धडधडीत खोटं. आणि ते खोटं आहे हे दैवशालाला चतुराबाईमुळं कळलेलं.

चतुराबाई म्हणजे कचरूची बायको. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून थेट स्टोअरच्या खिडकीशी आली होती. डोळे सुजलेले, काखेत फडक्याची पुरचुंडी. स्टोअरचा नियम साधा होता. जुना जोड जमा करायचा, नवा जोड घ्यायचा. जुना दिला नाही तर पगारातून कापणार. नवऱ्याची बोटं गेली तरी बाईला तो नियम आठवला होता.

"अक्का, हे जमा करून घ्या," चतुराबाई म्हणाली. "न्हाई दिलं तर पगारातून कापतेत म्हणं."

दैवशालानं फडकं सोडलं. आत कचरूचे हातमोजे होते. डावा धड, उजव्याची दोन बोटं जळून गेलेली.

"आन् नवा जोड बी द्या. बरं झाल्यावर लागंल की त्यान्ला."

दैवशालानं फडकं परत बांधलं. तिनं रजिस्टर उघडलं आणि कचरूच्या नावापुढं 'जुना जोड जमा, जळालेला' असं लिहिलं. नवा जोड मात्र तिच्या हातून देववला नाही. "मंग देते बाई," एवढंच ती कसंबसं बोलली आणि चतुराबाई मान हलवून दवाखान्याकडं परत गेली.

तो जळका जोड दैवशालानं कपाटात ठेवला. नेमका नमुन्याच्या जोडाशेजारी.

नमुन्याचा जोड म्हणजे पुरवठादारानं ऑर्डर घेताना दिलेला. जाड चामडं, आतून अस्तर, कोपरापर्यंत लांब. त्याला साहेबांच्या सहीची चिठ्ठी बांधलेली. पुढं येणारा प्रत्येक माल त्या जोडाशी ताडून बघायचा आणि बराबर असला तरच पावतीवर सही करायची, अशी रीत. पहिल्याच गाडीतून पातळ कापडाचे, वरून चामड्यासारखा रंग मारलेले मोजे उतरले, तेव्हा दैवशाला बोलली होती.

"साहेब, हे पातळ हायेत. नमुना येगळा व्हता."

"हातमोजे आहेत बाई, लग्नाचा शालू नाही," साहेब म्हणाले होते.

आणि दैवशाला हसली होती! हसली होती, मेली! ते हसू तिला आता रात्रंदिवस जाळत होतं. त्यानंतर तर साहेब शनिवारीच कोऱ्या पावत्या पुढं सारायचे. "गाडी कधीही येते, तुम्ही जल्दी सही करून ठेवा, बाकीचं मी भरतो." ती करायची. घरी लेकीचं, तृप्तीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, साहेबाशी कोण वाकडं घेणार? तीन वर्षं प्रत्येक पावतीवर तिची सही होती आणि सहीच्या वर छापलेलं होतं, 'नमुन्याप्रमाणे माल मिळाला.'

गंधालीनं पेन उचललं. "मग सहावी ओळ काढू म्हणता?"

"बिलकुल काढा. नाहक वेळ जातो."

दैवशाला उठली. मांडीवरच्या फायली धाडकन खाली पडल्या. ती काही न बोलता स्टोअरमध्ये गेली, कपाट उघडलं, रजिस्टर आणि दोन्ही जोड घेऊन आली आणि टेबलावर चहाच्या कपांच्या मधोमध ठेवले.

"मॅडम, ही ओळ खोडू नका."

"बाई, खाली बसा," अवधूत साहेब म्हणाले. आवाज अजून गोडच होता.

"न्हाई बसत. लई बसले." तिनं दोन्ही जोड गंधालीपुढं सरकवले. "मॅडम, हा नमुना हाय. ह्यो कचरूचा जोड. हात लावून बघा. त्यानं मोजे घातले नव्हते म्हणून लिव्हलंय ना ह्यांनी? मंग हे जळालं कशानं? चुलीत घातलं व्हतं का त्यानं? त्याची बायको जमा करायला आल्ती हे, तारखेनिशी लिव्हलंय मी."

गंधालीनं आधी रजिस्टरमधली तारीख वाचली. मग दोन्ही जोड हातात घेतले. जाड चामडं बोटांनी दाबलं, पातळ कापड दाबलं आणि जळक्या कडेवरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा उतरला.

अवधूत साहेबांचा गोडवा तिथंच संपला. "आणि पावत्यांवर सही कुणाची आहे, ते नाही सांगत? सांगा की! माल बघून घ्यायचं काम कुणाचं होतं?"

गंधालीनं दैवशालाकडं पाहिलं. "ताई, सही तुमची आहे?"

एवढ्यासाठीच तर ती तीन आठवडे मूग गिळून बसली होती. तृप्तीची फी, घरभाडं, बावीस वर्षांचं नाव, सगळं त्या एका 'हो'मध्ये जाणार होतं.

"हो, माझीच हाय. समद्या पावत्यांवर हाय. माल न बघता केली, कोऱ्या कागदावर केली. ह्यांनी सांगितलं म्हणून केली, पर हात माझाच व्हता. मंग माझ्यापासूनच सुरू करा. पयलं नाव माझं लिव्हा, दुसरं ह्यांचं. कचरूला खोटं पाडू नका, एवढंच सांगून राह्यले मी."

बाहेर वजनकाट्यावर गाडी चढल्याचा आवाज आला.

गंधालीनं सहाव्या ओळीला बाण काढून ती सगळ्यात वर नेली. खाली दोन नावं लिहिली, पहिलं दैवशालाचं.

"उद्यापासून कामावर यायचं नाही," अवधूत साहेब फणफणले. "चाव्या ठेवा इथं!"

"चाव्या माझ्याकडे द्या ताई," गंधाली म्हणाली. "आणि ऑडिट होईपर्यंत कुठलीही फाइल हलणार नाही, साहेब. ह्या वस्तू मला सोबत न्याव्या लागतील. ताई, मी तुम्हाला पोच लिहून देते."

दैवशालानं कमरेचा जुडगा काढून दिला. बावीस वर्षांत तो सुट्टीच्या दिवशीसुद्धा कमरेला असायचा. गंधालीनं पोच लिहिली आणि देणाऱ्याच्या सहीसाठी कागद तिच्यापुढं केला. अवधूत साहेबांनी घड्याळात पाहिलं.

"करा जल्दी, बाई. सही करायची तर सवय आहे तुम्हाला."

दैवशालानं पेन घेतलं नाही. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि कागद वाचायला लागली. रजिस्टर एक. न वापरलेला जोड एक, चिठ्ठीसह. वापरलेला जोड एक.

"हे अर्धं लिव्हलंय मॅडम. माल कसा हाय ते बी लिव्हा."

"काय लिहू?"

"उजव्याला दोन बोटं न्हाईत, असं लिव्हा."

गंधालीनं लिहिलं. दैवशालानं जळका मोजा उचलला, तळव्यावर सरळ केला, एक एक बोट मोजलं. मोजून झाल्यावर कागदावरची ओळ पुन्हा वाचली.

मग खाली सही केली.